तेजी-मंदी आणि पैसा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

व्यापारचक्रांवर, म्हणजे आलटून-पालटून येणाऱ्या तेजी-मंदीवर, आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात. साधारण 1870 ते 1933 या काळातल्या नवसनातनवादी (निओक्लासिकल) अर्थशास्त्रज्ञांनी तेजी-मंदीत पैशाला नेमके कोणते काम दिले? सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. उदाहरणांतील आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. जिथे ते मूळ लेखकाचे आहेत तिथे तसे म्हटले आहे.

प्रश्न : पैसा हा केवळ पडदा आहे, त्यामागचे खरे अर्थकारण वस्तूंचे, असे ही मंडळी मानत. मग तेजी-मंदीचा दोष त्यांनी पैशावर कसा टाकला? ही सरळ विसंगती नाही का?

उत्तर : विसंगती वाटते ती विधान अर्धेच वाचल्यामुळे. पूर्ण विधान असे आहे : पैसा दुप्पट झाला तर *सगळे भाव जुळवून घेऊन झाल्यावर* किमती दुप्पट होतात आणि बाकी काही बदलत नाही. व्यापारचक्राचा सारा मामला त्या ‘जुळवून घेऊन झाल्यावर’च्या आधीच्या काळातला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी 1911 च्या ‘द पर्चेसिंग पॉवर ऑफ मनी’मध्ये या संक्रमणकाळाला वेगळे प्रकरणच दिले. संख्यामान सिद्धांत (पैसा ज्या प्रमाणात वाढतो त्याच प्रमाणात भाव चढतात, हा सिद्धांत) शिकवताना नेमके तेच प्रकरण बहुतेक वेळा गाळले जाते, आणि मग विद्यार्थ्यांना वाटते की फिशर यांचा पैसा निरुपद्रवी होता.

सगळे भाव एका दमात आणि एका प्रमाणात हलत नाहीत. घाऊक बाजारातला भाव दुपारपर्यंत बदलतो. मजुरी, भाडे, कर्जाचे हप्ते करारात अडकलेले असतात. त्यामुळे या काळातला कोणताही सिद्धांत हाती घेतला की एकच प्रश्न विचारावा : यात मागे कोण राहते? आल्फ्रेड आणि मेरी पेली मार्शल यांच्या 1879 च्या पुस्तकात मजुरी आणि इतर ठरीव खर्च मागे राहतात. भाव चढताना उद्योजकाचा नफा फुगतो, उतरताना तोच खर्च त्याच्या गळ्याशी येतो. फिशर यांच्याकडे व्याजदर मागे राहतो. स्वीडनच्या क्नुट विक्सेल यांच्याकडे बँकेचा दर, तर राल्फ हॉट्री यांच्याकडे मजुरांच्या खिशात जाणारी रोकड. पुढची बहुतेक उत्तरे या एका धाग्याने जोडलेली आहेत.

मार्शल यांनी 1887 मध्ये सुचवलेला उपायही याच निदानातून आला होता. दीर्घ मुदतीचे करार सोन्यात न करता अनेक वस्तूंच्या सरासरी भावाशी बांधलेल्या एककात करावेत, म्हणजे मागे राहण्याची शिक्षा ना धनकोला होईल ना ऋणकोला.

प्रश्न : फिशर यांच्या समीकरणातून चक्र कसे निघते? समीकरण तर नेहमीच खरे असते.

उत्तर : बरोबर, समीकरणातून चक्र निघत नाही. रोकड गुणिले तिचा चलनवेग (वर्षात ती किती वेळा हात बदलते), अधिक बँकठेवी गुणिले त्यांचा वेग, बरोबर किंमतपातळी गुणिले व्यवहार ही नुसती हिशेबाची ओळ आहे. चक्र निघते ते व्याजदराच्या आळसातून.

समजा भाव स्थिर असताना व्याज 5 टक्के आहे. तेव्हा सुवर्णमान होते, म्हणजे पैसा सोन्याशी बांधलेला होता; नव्या सोन्यामुळे भाव वर्षाला 3 टक्क्यांनी चढू लागले. धनकोला पूर्वीइतकेच खरे उत्पन्न हवे तर दर 8.15 टक्के व्हायला हवा (1.05 × 1.03 = 1.0815). प्रत्यक्षात तो जेमतेम 6 वर जातो. म्हणजे खरे व्याज 2.9 टक्केच उरले. ऋणकोला दरवर्षी सुमारे 2 टक्क्यांची भेट मिळाली, आणि ती देणाऱ्याला आपण काही देतो आहोत याचा पत्ताच नाही.

पुढची साखळी अशी : उद्योजकाचा नफा वाढतो, तो जास्त कर्ज मागतो, बँक ते त्याच्या खात्यात ठेव म्हणून जमा करते. त्यामुळे बँकठेवी रोकडीच्या मानाने अधिक वेगाने फुगतात. भाव चढत असताना पैसा हातात ठेवणे तोट्याचे, म्हणून चलनवेगही वाढतो. या दोन्हींमुळे भाव आणखी चढतात आणि दर पुन्हा मागे पडतो. सुरुवात सोन्याने केली असली तरी आता सोन्याची गरज उरलेली नाही.

तेजी थांबते ती बँकेच्या राखीव निधीमुळे, म्हणजे ठेवीदारांना देण्यासाठी हाताशी ठेवलेल्या रोकडीमुळे. ठेवी फुगल्या, निधी तेवढाच राहिला. त्याचे प्रमाण घसरल्यावर बँकेला दर चढवावाच लागतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. दर चढला की तारण ठेवलेल्या रोख्यांची किंमत पडते. वर्षाला 5 देणारा कायमस्वरूपी रोखा 5 टक्के दराला 100 ला विकला जातो, 6 टक्क्यांना 83.33 ला. तारण सहाव्या हिश्शाने आटले तर जुने कर्ज त्याच रकमेला पुन्हा मिळत नाही. नूतनीकरणावर विसंबलेल्या पेढ्या बुडतात, ठेवीदार रोकड मागायला धावतात आणि बँकठेवी आकसतात.

मंदीतही हाच आळस उलटा फिरतो. भाव वर्षाला 3 टक्क्यांनी उतरत असताना दर 6 वरच रेंगाळला तर खरे व्याज 9.3 टक्के पडते (1.06 ÷ 0.97). एवढे व्याज फेडेल असा धंदा विरळाच.

एक शंका हमखास येते : भाववाढ ऋणकोला दिसते, मग धनकोला का दिसत नाही? फिशर यांचे उत्तर 1896 मधल्या ‘अ‍ॅप्रिसिएशन अँड इंटरेस्ट’मध्येच आहे. दोघांची दूरदृष्टी सारखी असती तर दर आपोआप जुळला असता आणि कर्जाची मागणी वाढलीच नसती. उद्योजक रोज बाजारात भाव विचारत असतो. ठेवीदार पासबुकातला आकडा पाहतो. चक्राला भाववाढ पुरत नाही, ती ओळखण्यातली विषमता लागते. आमच्या मते फिशर यांचा सगळ्यात टिकाऊ विचार हाच आहे.

प्रश्न : विक्सेल यांचा ‘नैसर्गिक व्याजदर’ कुठेच छापून येत नाही. जे मोजता येत नाही त्याचा उपयोग काय? आणि त्यांना चलनवादी व्यापारचक्रकार म्हणावे का?

उत्तर : नैसर्गिक दर म्हणजे ढोबळपणे नव्या भांडवलावर मिळणारे अपेक्षित उत्पन्न, त्या दराला बचत आणि गुंतवणुकीची मागणी जुळतात. तो मोजायचा नसतो, त्याची चाहूल भावांवरून घ्यायची असते. भाव चढत आहेत? मग बँकेचा दर नैसर्गिक दराच्या खाली आहे. उतरत आहेत? मग वर आहे. विक्सेल यांनी 1898 मध्ये बँकांना सुचवलेला नियम इतका साधा होता : भाव चढले तर दर वाढवा, उतरले तर कमी करा, स्थिर असतील तर हात लावू नका.

त्यांची ‘संचयी प्रक्रिया’ अशी चालते. नैसर्गिक दर 6, बँकेचा 4. उद्योजक 100 चे कर्ज काढून मजूर आणि कच्चा माल घेतो, वर्षाअखेर माल 106 ला विकतो, 104 फेडतो. 2 हातात राहतात. हा जादा नफा पाहून सगळेच जास्त कर्ज काढतात आणि त्याच मजुरांवर बोली लावतात, त्यामुळे खर्च साधारण 102 होतो. पण मजुरांचे उत्पन्नही वाढल्याने मालाचा भाव तेवढाच चढतो आणि 2 ची फट पुन्हा उघडी. ही चूक स्वतःला दुरुस्त करत नाही. एखाद्या वस्तूचा भाव चुकला तर तिचा ढीग साचतो किंवा टंचाई होते आणि भाव ताळ्यावर येतो. बँकेच्या दराला असे कोणी ताळ्यावर आणत नाही. निदान शुद्ध पतव्यवस्थेत तरी नाही, म्हणजे जिथे सगळी देणी बँकेच्या वहीतच वळती होतात आणि रोकड लागतच नाही. सुवर्णमानात राखीव सोने ओसरू लागते आणि बँकेला जाग येते, पण उशिरा.

उत्तरपत्रिकांत हमखास होणारी चूक इथेच सांगून टाकू. बँकेने दर 4 चा 6 केला की भाव पूर्वपदावर येतात असे लिहिले जाते. येत नाहीत. ते जिथे पोचले तिथे थांबतात. खाली आणायचे तर काही काळ दर 6 च्या वर ठेवावा लागतो. दरांतली फट भावांची *गती* ठरवते, पातळी नव्हे.

आता दुसरा भाग. अनेकांना आश्चर्य वाटेल, पण विक्सेल स्वतः व्यापारचक्राचे मूळ पैशात मानत नव्हते. 1907 च्या आर्थिक अरिष्टांवरील व्याख्यानात त्यांनी मूळ कारण म्हणून तांत्रिक प्रगतीच्या असमान गतीकडे बोट दाखवले : लोकसंख्या आणि गरजा बऱ्यापैकी सारख्या गतीने वाढतात, शोध मात्र झुंडीने येतात. शोध आले की नैसर्गिक दर उसळतो, बँकेचा दर मागे राहतो आणि भाव चढतात. म्हणजे धक्का बाहेरून येतो आणि पतव्यवस्था तो मोठा करते. लाकडी डुलत्या घोड्याला काठी मारली तर घोडा काठीसारखा हलत नाही, आपल्या घडणीप्रमाणे डुलतो, हा त्यांचाच दाखला. राग्नर फ्रिश यांनी 1933 मध्ये तो उचलून त्यातून चक्राचे गणिती प्रारूप उभे केले.

प्रश्न : व्याज स्वस्त केले की भाव चढतात म्हणता. पण जुन्या आकडेवारीत तर भाव चढे तेव्हा व्याजही चढे दिसते!

उत्तर : ही नोंद थॉमस टूक यांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती, 1930 मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तिला ‘गिब्सनचा विरोधाभास’ असे नाव दिले. विक्सेल यांचा खुलासा आम्हाला पटतो. बहुतेक वेळा आधी हलतो तो नैसर्गिक दर. तो 4 वरून 7 वर गेला आणि बँकेचा दर 4 वरून 5 वर, तर बँकेचा दर पूर्वीपेक्षा चढा, पण नैसर्गिक दराच्या मानाने 2 ने स्वस्त. तक्त्यात दिसते ‘व्याज चढले, भावही चढले’. केवळ बँकेचा दर पाहून पैसा महाग की स्वस्त हे ठरवणाऱ्याची इथे फसगत होते.

प्रश्न : हॉट्री यांनी व्यापारचक्र ही निव्वळ चलनविषयक घटना मानली. बँकेने दर 2 टक्क्यांनी वाढवला म्हणून देशभर मंदी येते हे पटत नाही. कारखानदार व्याजाच्या एवढ्याशा फरकाला भीक घालत नाही.

उत्तर : कारखानदार घालत नाही, हे हॉट्री यांनाही मान्य होते. ते 1904 पासून ब्रिटिश अर्थखात्यात होते आणि त्यांची नजर होती घाऊक व्यापाऱ्यावर. तो स्वतःचे थोडे आणि बँकेचे पुष्कळ घालून माल साठवतो. त्याच्या हिशेबात व्याज ही किरकोळ बाब नसते.

हिशेब करून पाहू. व्यापाऱ्याकडे 10,000 चा साठा, त्यातले 8,000 कर्जाऊ. वर्षाला उलाढाल 40,000, म्हणजे साठा चार वेळा फिरतो. व्याज सोडून बाकी खर्च वजा जाता उलाढालीवर 2 टक्के, म्हणजे 800 उरतात. दर 4 टक्के असताना व्याज 320, निव्वळ नफा 480. दर 6 टक्के झाला की व्याज 480, नफा 320. दोन टक्क्यांनी नफ्याचा तिसरा हिस्सा गेला. आता त्याच्यापुढचा सोपा उपाय म्हणजे साठा थोडा कमी करणे. माणूस काढायचा नाही, यंत्र विकायचे नाही. फक्त मागणीपत्र लहान करायचे.

समजा त्याने एका तिमाहीत साठा 10,000 वरून 9,000 वर आणायचे ठरवले. तिमाहीची विक्री 10,000. म्हणजे उत्पादकाकडे तो 9,000 चाच माल मागवणार. सगळ्या व्यापाऱ्यांनी हेच केले तर कारखान्यांची मागणी एका तिमाहीत 10 टक्क्यांनी घटते. कारखाने काम कमी करतात, मजुरांचे उत्पन्न घटते, दुकानातली विक्री घटते. विक्री 9,000 झाली की साठा मुळीच कमी झालेला नसतो! व्यापारी मागणीपत्र आणखी लहान करतो. दुष्टचक्र सुरू झाले, आणि आता ते मोडायला दर पुन्हा 4 वर आणणे पुरेलच असे नाही, कारण भाव उतरत असताना फुकट पैसा मिळाला तरी माल कोण साठवणार?

उलट वळण कसे येते? बँका पत वाढवतात तेव्हा रोकड लगेच बाहेर जात नाही. कर्ज आधी व्यापारी आणि कारखानदारांच्या खात्यांत फिरते. मजुरी आणि रोजगार सावकाश वाढतात आणि मग मजुरांच्या खिशात जास्त रोकड राहू लागते. तोवर बँकेला आपला निधी भक्कम वाटतो आणि ती कर्ज देत राहते. रोकडीची गळती दिसेपर्यंत वाजवीपेक्षा कितीतरी जास्त कर्ज देऊन झालेले असते. मग ब्रेक एकदम लागतो. मंदीत रोकड तशीच सावकाश परत येते आणि बँक नको तितकी जपून वागते. ‘गुड अँड बॅड ट्रेड’ (1913) या पुस्तकाचा गाभा हा आहे. सुवर्णमानात चक्राला जी नियमितता दिसे ती या रोकडीच्या ये-जा करण्याच्या मुदतीमुळे, असे हॉट्री मानत.

त्यांच्यावरचा आक्षेपही वजनदार आहे. व्यापारी साठा ठरवतो तो मुख्यतः पुढचा भाव आणि माल वेळेवर मिळण्याची खात्री पाहून. व्याज त्यानंतर येते. केन्स यांनी 1930 मध्ये भर दिला तो दीर्घ मुदतीच्या दरावर आणि स्थिर भांडवलावर. आमचा कल असा : हॉट्री यांची यंत्रणा लहान वळणे समजावते, खोल मंदी नाही.

प्रश्न : जेव्हन्स यांच्या सूर्यडागांच्या सिद्धांतात पैसा कुठे बसतो?

उत्तर : जवळजवळ कुठेच नाही. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांची साखळी अशी : सूर्यावरचे डाग कमी-जास्त होण्याचे 10.44 वर्षांचे चक्र, त्यावरून हवामान, पिके आणि मग व्यापार. 1878 मध्ये तर त्यांनी भारतातल्या पिकांवरून इंग्लंडच्या मालाची मागणी ठरते असे सुचवले. पत आणि आशावाद हे त्यात फक्त पडसाद.

प्रश्न : किंमतपातळी स्थिर ठेवली की चक्र संपेल असे फिशर म्हणत. 1920 च्या दशकात अमेरिकेत भाव बऱ्यापैकी स्थिरच होते. मग 1929 ची महामंदी कशी आली?

उत्तर : हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला. फिशर यांनी 1923 च्या लेखाच्या शीर्षकातच व्यापारचक्राला बव्हंशी ‘डॉलरचे नृत्य’, म्हणजे डॉलरच्या क्रयशक्तीतले चढउतार, म्हटले होते. व्हिएन्नाच्या मिझेस (1912) आणि हायेक (1929, 1931) यांचे म्हणणे असे की सरासरी भाव पाहणे हीच चूक. उत्पादकता वर्षाला 2 टक्क्यांनी वाढत असेल तर पैसा तेवढाच राहिल्यास भाव साधारण 2 टक्क्यांनी उतरायला हवेत. ते स्थिर दिसले, याचा अर्थ कोणीतरी 2 टक्के जादा पैसा आत सोडला. तो बँककर्जाच्या वाटेने आला असेल तर दर नक्कीच बचतीच्या मानाने कमी होता. विक्सेल यांचे दोन निकष, म्हणजे बचत-गुंतवणूक जुळवणारा दर आणि भाव स्थिर ठेवणारा दर, वाढत्या अर्थव्यवस्थेत एक राहत नाहीत, हे त्यांचेच स्वीडिश सहकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनी आधी दाखवून दिले होते.

हायेक यांच्या मते नुकसान भावांच्या परस्पर प्रमाणात होते. लोक उत्पन्नातले 90 खर्च करतात, 10 वाचवतात. बँका उत्पादकांना आणखी 5 नव्याने देतात. 15 च्या जोरावर यंत्रे, खाणी, लांब मुदतीचे प्रकल्प सुरू होतात. उपभोगाचा माल तेवढ्यापुरता कमी पडतो आणि ग्राहकाला न विचारता ‘सक्तीची बचत’ होते. पण ते 5 मजुरी होऊन लोकांच्या हाती येतात आणि लोक पुन्हा 90 ला 10 याच प्रमाणात वागतात. उपभोग्य वस्तूंचे भाव चढतात, साधने तिकडे ओढली जातात, लांबचे प्रकल्प अर्धवट पडतात. चालू ठेवायचे तर दरवेळी पूर्वीपेक्षा मोठे कर्ज लागते.

तेजीचे हे निदान तल्लख आहे. मात्र मंदी आल्यावर काय करायचे यावर त्याच्याकडे ‘वाट पाहा’ याखेरीज फारसे काही नव्हते. तिथे फिशर यांचा 1933 चा कर्ज-भावघट सिद्धांत जास्त उपयोगी पडतो. त्यात त्यांनीच दिलेला हिशेब : ऑक्टोबर 1929 ते मार्च 1933 मध्ये कर्जे 20 टक्क्यांनी फेडली वा बुडाली, पण डॉलरची क्रयशक्ती 75 टक्क्यांनी वाढली. 0.80 × 1.75 = 1.40. लोक जितके फेडत गेले तितके खरे कर्ज वाढत गेले, 40 टक्क्यांनी.

प्रश्न : व्याजदर भावांच्या मागे राहतो हे मला आकडेवारीवर तपासायचे आहे. कसे करावे?

उत्तर : घाऊक भावांचा मासिक निर्देशांक घ्या. प्रत्येक महिन्याच्या आकड्याला मागल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या आकड्याने भागून वार्षिक बदल काढा. हंगामी चढउतार त्यातच निघून जातात. व्याजदर दोन घ्या, अल्प मुदतीच्या व्यापारी हुंडीचा आणि दीर्घ मुदतीच्या रोख्याचा, आणि दोन्ही वेगवेगळे तपासा, मिसळू नका. मग भावबदलाची मालिका 0, 6, 12, 24 महिन्यांनी मागे सरकवून प्रत्येक वेळी व्याजदराशी सहसंबंध काढा. फिशर 1920 च्या दशकात एक पाऊल पुढे गेले : परिणाम एकाच महिन्यात न पाहता मागच्या अनेक महिन्यांवर उतरत्या वजनांनी पसरला. चार कालखंड घेतलेत तर 4, 3, 2, 1 अशी वजने आणि 10 ने भागाकार, एवढ्यानेही सुरुवात होते.

कुठे बिघडते ते पाहा. पहिले, व्याजदराशी किंमतपातळी जोडली की गिब्सन यांचा संबंध तपासला जातो, फिशर यांचा नाही. त्यासाठी भावबदलाचा *वेग* हवा. दुसरे, खरे व्याज काढताना मागच्या वर्षीची भाववाढ वजा करतात. ऋणकोने कर्ज घेतल्यापासून पुढच्या बारा महिन्यांची भाववाढ वजा करायला हवी. तिसरे, सुवर्णमानाच्या काळात एका वर्षीच्या भाववाढीवरून पुढच्या वर्षीचा अंदाज फारसा बांधता येत नसे. त्यामुळे दर हलला नाही तर तो आळस होता की शहाणपण, हे नुसत्या सहसंबंधावरून कळत नाही. चौथे, 1914 च्या आधीची आणि नंतरची मालिका सलग धरू नका. युद्धात सुवर्णमानाची चौकट मोडली.

आणि शेवटचे, जे सगळ्यात जास्त फसवते. लागोपाठच्या दोन महिन्यांचे वार्षिक बदल 11 महिने सामाईक धरतात. त्यामुळे मालिका कृत्रिमरीत्या गुळगुळीत होते आणि सहसंबंध फार खात्रीचा वाटतो. 30 वर्षांच्या तक्त्यात 360 ओळी असल्या तरी परस्परांत न मिसळणारे वार्षिक बदल 30 च असतात. निष्कर्षाची खात्री त्या आकड्यावर मोजावी.